पलीकडे फोन कोण उचलतो?

(गोंदिया येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांचे एक पथक या शहरात आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. ऑनलाइन गेमिंगच्या बनावट ॲपमधून आपली ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाली, अशी तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने दिली होती. पथकाने इथल्या एका घराची झडती घेतली. कोट्यवधींची रोकड, सोने, चांदी बाहेर आली. संशयित मात्र त्याआधीच दुबईला निघून गेल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि लूकआउट नोटीस निघाली. दोषी कोण, निर्दोष कोण, हे न्यायालय ठरवील. त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. मला त्या प्रकरणाचा फक्त नकाशा तुमच्यासमोर ठेवायचा आहे. तक्रार नागपुरात, झडती गोंदियात, माणूस दुबईत, आणि ज्या सर्व्हरवर तो खेळ चालत असेल तो जगाच्या पाठीवर कुठेही. तपास अधिकाऱ्याच्या हाती असतो तो एका पोलीस ठाण्याचा शिक्का, आणि त्या शिक्क्याची हद्द नदीपलीकडे बालाघाटला संपते.

अशा वेळी त्या अधिकाऱ्याने समुद्रापलीकडे कोणाला विचारायचे? पलीकडे फोन कोण उचलतो? आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. देशादेशांत सायबर सुरक्षेचे ज्ञान, इशारे आणि मदत पोचवणारी संपर्क अधिकाऱ्यांची जाळी आहेत. ती कशी उभी राहिली, कुठे चालतात आणि कुठे अडतात, हे पाहिले की गोंदियासारख्या जिल्ह्याचा त्यांच्याशी संबंध काय, ते आपोआप कळेल.

पलीकडे फोन उचलणारा माणूस किती गरजेचा असतो, हा धडा महाराष्ट्राला मिळाला तो पुण्यात. कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ मध्ये स्थापन झालेली, देशातल्या सर्वांत मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. त्या दुपारपासून काही तासांत जगातल्या २८ देशांमधील एटीएममधून कॉसमॉसच्या व्हिसा कार्डांच्या नकला वापरून पैसे निघत राहिले. सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि सुमारे ७८ कोटी रुपये गेले. भारतातही रुपे कार्डांच्या नकलांवर सुमारे २८०० व्यवहार होऊन अडीच कोटी गेले. कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांत माणसे एटीएमसमोर उभी राहून एकामागून एक कार्ड घालत होती. एवढ्यावर ते थांबले नाही. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट प्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील कंपनीच्या खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर.

हे झाले कसे, ते जरा जवळून पाहू. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते बँकेच्या स्विच नावाच्या संगणकाला विचारते: कार्ड खरे आहे का, पिन बरोबर आहे का, खात्यात एवढे पैसे आहेत का, देऊ का? स्विच ते बँकेच्या मूळ खातेवहीला विचारतो आणि 'दे' किंवा 'देऊ नको' असे उत्तर परत पाठवतो. पुण्यात हल्लेखोरांनी आधी बँकेच्या जाळ्यात घुसून खोटा स्विच उभा केला. परदेशातून आलेला प्रश्न खऱ्या खातेवहीपर्यंत पोचूच दिला जात नव्हता; मधला खोटा स्विच प्रत्येकाला 'दे' म्हणत होता. म्हणूनच एकाही ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक कमी झाली नाही. गेले ते बँकेचे स्वतःचे पैसे. खातेवहीला आपल्या नावावर जगभर काय चालले आहे याची गंधवार्ताही नव्हती.

आता यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. आदल्याच दिवशी, शुक्रवारी १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला होता. येत्या काही दिवसांत कार्डांच्या नकला करून जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा मोठा प्रकार होऊ शकतो, असा त्याचा मथितार्थ होता. रविवारी त्याची बातमीही झाली. म्हणजे चोरी होण्याआधी जगात कोणाला तरी तिची चाहूल लागली होती. ती चाहूल वॉशिंग्टनहून निघून, दिल्ली-मुंबई ओलांडून, दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीत पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात जो माणूस ड्यूटीवर असेल त्याच्यापर्यंत पोचायची, तर वाटेत किती दारे उघडावी लागतील? आणि त्यातले प्रत्येक दार उघडणारा माणूस शनिवारी जागेवर असेल का?

चोरांनी शनिवार निवडला तो याच कारणाने. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर असेच गेले होते. ढाक्यात शुक्रवार-शनिवारची सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये रविवारची, आणि पैसे ज्या फिलिपिन्सला पोचले तिथे सोमवारी चिनी नववर्षाची. तीन देशांच्या सुट्ट्या सांधून चोरांनी चार दिवस मिळवले. पुण्याला दोन वर्षांनी जे घडले त्याचा मूळ आराखडा ढाक्यात जगापुढे आला होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने पुढे आपल्या अहवालात कॉसमॉसच्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा दिली, पण हे अकरा जण बहुतांशी नकली कार्डे घेऊन एटीएमसमोर उभे राहिलेले होते. हाँगकाँगला गेलेल्या पैशांतले काही कोटी परत मिळाले, ते तिथल्या यंत्रणेने वेळेत दाद दिली म्हणून.

आता थोडे मागे जाऊ, कारण ही संपर्कजाळी कोणा सरकारच्या दूरदृष्टीतून निघाली नाहीत, ती संकटाने घडवली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाच्या एका प्रोग्रॅमने तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवरचे हजारो संगणक ठप्प केले. लगेच अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले प्रतिसाद पथक स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, नासाच्या संगणकजाळ्यात 'वँक' नावाचा दुसरा वर्म शिरला. नासा गॅलिलिओ यान अवकाशात सोडण्याच्या तयारीत होती. त्यावर अणुइंधन होते म्हणून निषेध चालला होता, आणि हा वर्म संगणकाच्या पडद्यावर निषेधाचाच संदेश झळकवीत होता. तोवर निरनिराळ्या संस्थांची पथके तयार झाली होती, माणसे हुशार होती, साधने होती. तरीही कामाचा खोळंबा झाला. कोणाच्या कामाच्या वेळा वेगळ्या, कोणाची भाषा वेगळी, आणि मुख्य म्हणजे समोरच्याने आपल्यावर विश्वास का ठेवावा, हे ठरलेले नव्हते. त्या अनुभवातून १९९० मध्ये 'फर्स्ट' ही प्रतिसाद पथकांची जागतिक संघटना जन्मली. आज जगभरातली शेकडो पथके तिची सदस्य आहेत. नवे पथक येताना जुन्या सदस्यांनी त्याची हमी घ्यावी लागते. हे मला फार मोलाचे वाटते. ओळख आधी झाली पाहिजे. आग लागल्यावर पाणी मागायला गेलेल्या अनोळखी माणसाला आधी 'तू कोण' हेच विचारले जाते.

भारताचे पथक म्हणजे सर्ट-इन. जानेवारी २००४ पासून ते काम करते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने कलम ७०-ब खाली त्याला वैधानिक दर्जा मिळाला. ते 'फर्स्ट'चे सदस्य आहे, आशिया-प्रशांत देशांच्या 'एपीसर्ट'मध्येही आहे. तिथे दरवर्षी सरावाची कवायत होते: काल्पनिक हल्ला रचायचा आणि प्रत्येक देशाच्या पथकाने ठरलेल्या वेळात दुसऱ्याला कळवायचे, उत्तर मिळवायचे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने आदेश काढला की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवली पाहिजे आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवल्या पाहिजेत. तेव्हा उद्योगांनी बरीच कुरकुर केली. मी त्या नियमाच्या बाजूचा आहे. पुण्याचे पैसे काही तासांत देशोदेशी पांगले होते. तिथे तीन दिवसांनी लिहिलेला अर्ज कोणाच्या उपयोगाचा?

युरोपने या कामाला आणखी एक पायरी जोडली, ती आपण शिकण्यासारखी आहे. युरोपीय संघाची सायबर सुरक्षा संस्था 'एनिसा' २००४ मध्ये ग्रीसमध्ये स्थापन झाली. २०१९ च्या कायद्याने तिच्याकडे राष्ट्रीय संपर्क अधिकाऱ्यांचे जाळे रीतसर आले. प्रत्येक सदस्य देशाने आपला माणूस नेमायचा. संस्थेच्या कारभारी मंडळावरचा माणूस वेगळा आणि हा वेगळा. याचे काम धोरण ठरवण्याचे नाही. संस्थेने काढलेले निष्कर्ष, मार्गदर्शक सूचना, सराव, नव्या धोक्यांची माहिती आपल्या देशातल्या नेमक्या माणसांपर्यंत नेणे, आणि आपल्या देशातला अनुभव उलट दिशेने संस्थेकडे पोचवणे. लहान देशांना याचा मोठा आधार आहे. माल्टासारख्या देशाला प्रत्येक विषयातला तज्ज्ञ घरी ठेवणे परवडत नाही. त्याला तज्ज्ञ कुठे आहे हे जाणणारा एक चांगला माणूस पुरतो. मला वाटते, जिल्ह्यांचेही तसेच आहे.

भारत या बाबतीत नुसता घेणारा राहिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये हेगला सायबर क्षमता वाढवण्यासाठी देशांचा, कंपन्यांचा आणि संस्थांचा एक जागतिक मंच सुरू झाला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या जागतिक परिषदेच्या वेळी त्याचा पुढचा कार्यक्रम मान्य झाला. संयुक्त राष्ट्रांत जी चर्चा चालली तिच्यातून मे २०२४ मध्ये सर्व देशांच्या संपर्क अधिकाऱ्यांची एक जागतिक सूची सुरू झाली. कोणत्या देशात कोणाला कळवायचे याची ही सरकारी पातळीवरची यादी आहे. तुम्ही म्हणाल, यादी करायला एवढी वर्षे? हो, लागली. कारण शेजारी देशाला आपल्या यंत्रणेचा नंबर देणे ही सुद्धा सरकारांना विश्वासाची बाब वाटते.

गुन्ह्यांच्या तपासाची वाट वेगळी आणि अधिक काट्यांची. बुडापेस्ट करार २००१ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, २००४ मध्ये अमलात आला. त्यात चोवीस तास उपलब्ध संपर्क केंद्रांची तरतूद आहे. भारत त्या करारात नाही. करार घडताना आम्ही चर्चेत नव्हतो आणि काही कलमांमुळे सार्वभौमत्वाला धक्का लागतो, अशी आपली भूमिका राहिली. भूमिका समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत तपास अधिकारी मोजतो. परदेशातील पुरावा न्यायालयात टिकेल असा हवा तर न्यायालयामार्फत विनंतीपत्र पाठवावे लागते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-अ खाली जात असे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली जाते. जिल्ह्यातून राज्य, राज्यातून दिल्ली, दिल्लीतून परदेशी मंत्रालय, तिथून तिथले पोलीस. महिने जातात. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविरुद्धचा स्वतंत्र करार स्वीकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत तो सह्यांसाठी खुला झाला. त्यातही चोवीस तासांच्या संपर्क केंद्रांची तरतूद आहे. त्यातल्या काही कलमांचा वापर सरकारे टीकाकारांविरुद्ध करतील, ही नागरी हक्क संघटनांची शंका मला गंभीर वाटते, आणि तरीही असा एक सार्वत्रिक मार्ग हवाच, असे माझे मत आहे.

तोवर काय? तोवर इंटरपोल आहे. १९६ देश, भारतातर्फे सीबीआय. एखाद्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला इंटरपोलची मदत हवी असेल तर पत्रे आणि ईमेल यांचा प्रवास फार लांबत असे. जानेवारी २०२५ मध्ये भारतपोल हे पोर्टल सुरू झाले, ज्यातून राज्यांचे पोलीस थेट आपली मागणी नोंदवू शकतात. लुटलेला पैसा परदेशी खात्यात जाताच तो तिथे गोठवण्याची विनंती करण्यासाठी इंटरपोलने एक झटपट व्यवस्थाही केली आहे. ही साधने आहेत. गोंदियाच्या अधिकाऱ्याला ती रात्री दोन वाजता आठवतील, वापरता येतील, एवढा सराव त्याच्याकडून करून घेतलेला असला पाहिजे.

इथे एक स्थानिक गोष्ट सांगतो. दरवर्षी उन्हाळा संपता संपता वैनगंगा आणि वाघ नदीच्या काठांवर सारस पक्ष्यांची गणना होते. गोंदिया आणि भंडाऱ्याबरोबर ती नदीपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातही होते, कारण पहाटे या काठाच्या बांधीत दिसलेली जोडी तासाभराने त्या काठावर उतरलेली असते. दोन्ही राज्यांची माणसे एकत्र बसून ठरवतात, म्हणून आकड्याला अर्थ येतो. सायबर चोरीची मोजदादही अशीच आहे. एकच टोळी अर्जुनी मोरगावला, राजनांदगावला आणि मनिलात सापडते, आणि तिन्ही ठिकाणी ती वेगळी टोळी म्हणून नोंदली जाते. तिघांच्या नोंदी एका टेबलावर आल्या तरच कळते की बँक खाते वेगळे असले, तरी फोनमागचा यंत्राचा क्रमांक तोच आहे. केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाचे सायबर गुन्हे समन्वय केंद्र, ज्याला सगळे 'आयफोरसी' म्हणतात, ते जानेवारी २०२० मध्ये याच कामासाठी सुरू झाले. मेवात, जामताडा, अहमदाबाद, हैदराबाद, चंदीगड, विशाखापट्टणम, गुवाहाटी इथे त्याची संयुक्त समन्वय पथके आहेत. संसदेत सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७ हजार ४६५ कोटी होता.

या आकड्यांमागे काय चालते, ते एका फोनपुरते पाहू. समजा, आमगावच्या एका शिक्षिकेला 'तुमच्या नावाने पार्सल पकडले आहे' असा व्हिडिओ कॉल आला आणि भीतीपोटी तिने चार लाख पाठवले. पुढच्या काही मिनिटांत ते चार लाख एका भाड्याच्या खात्यात पडतात. भाड्याचे म्हणजे ज्याचे पासबुक आणि एटीएम कार्ड कोणीतरी काही हजार रुपयांना दिलेले असते असे. तिथून ते पाच-सहा खात्यांत तुकड्यांनी फुटतात, त्यांतून पुन्हा पुढे. काही रक्कम एटीएममधून निघते, उरलेली आभासी चलनात बदलून देशाबाहेर जाते. शिक्षिकेने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला की तिच्याकडून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम घेतली जाते. ती नोंद तिच्या बँकेच्या आणि पहिल्या भाड्याच्या खात्याच्या बँकेच्या पडद्यावर जाते. पैसा तिथे असेल तर तेवढ्यावर रोख लागते. नसेल तर बँक पुढच्या खात्याचा पत्ता देते आणि नोंद पुढे धावते. ही पैशांची आणि नोंदीची शर्यत असते. पहिल्या तासात फोन झाला तर नोंद जिंकू शकते. दुसऱ्या दिवशी झाला तर पैसा आभासी चलनात गेलेला असतो, आणि मग वाट त्याच लांबलचक आंतरराष्ट्रीय रस्त्याला लागते ज्याचे वर्णन मी आता केले. म्हणून सांगतो, आंतरराष्ट्रीय सहकार्याची पहिली पायरी दिल्लीत किंवा सिंगापूरला नाही. ती त्या शिक्षिकेच्या हातातल्या फोनवर आहे.

आणि पलीकडे तो व्हिडिओ कॉल करणारा कोण असतो? कधी कधी तो आपल्यासारखाच बेरोजगार मुलगा असतो. म्यानमार, कंबोडिया, लाओस इथे फसवणुकीचे कारखाने आहेत. 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार चांगला' असे सांगून मुलांना नेतात, पासपोर्ट काढून घेतात, सीमेपलीकडे डांबतात आणि मारहाण करून हेच काम करवून घेतात. मार्च २०२५ मध्ये भारताने थायलंडच्या मे सोत इथून हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून साठहून अधिक जणांची सुटका झाल्याचे जाहीर केले आणि भरती करणाऱ्या दलालांना अटकही केली. ही सुटका कशी झाली? दूतावास, थायलंडचे आणि म्यानमारचे अधिकारी, आपले पोलीस यांच्यात कोणीतरी कोणाला तरी ओळखत होते म्हणून झाली. तिरोडा, देवरी, सालेकसा इथून पुण्या-हैदराबादला कामाला जाणारी मुले पुष्कळ आहेत. परदेशातली नोकरी सांगणाऱ्या दलालाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत आहे का, एवढे पाहून मगच मुलाला विमानात बसवा.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. आपली यंत्रणा वरच्या टोकाला हळूहळू बळकट होत आहे. दिल्लीतून जगाला जोडणारा दुवा आहे. खालच्या टोकाला, जिल्ह्यात, तो लोंबकळतो आहे. माहिती वर पाठवण्याचे नियम कडक झाले. वरून खाली येणारी माहिती कोणाच्या हाती पडावी, हे ठरलेले नाही. सर्ट-इनची तांत्रिक सूचना निघते, ती इंग्रजीत असते, आवृत्त्यांच्या क्रमांकांनी भरलेली असते. एखाद्या सहकारी बँकेत ती कोणाच्या ईमेलवर येते? तो माणूस बदली होऊन गेला असेल तर?

जुलै २०२४ च्या अखेरीस हे देशाने पाहिले. छोट्या बँकांना संगणक सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर व्हायरस शिरला, तोही एका भागीदार कंपनीच्या नीट न बसवलेल्या सर्व्हरमार्फत. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून त्या कंपनीला मुख्य जाळ्यापासून तोडले, आणि देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांची देयक सेवा एक दिवस बंद पडली. त्या बँकांची स्वतःची काहीच चूक नव्हती. आपल्याकडे धानाच्या आधारभूत खरेदीचे चुकारे आणि बोनस थेट बँक खात्यात येतात. हंगामाच्या ऐन दिवसांत अशी सेवा चार दिवस बंद राहिली, तर गोरेगाव किंवा सडक अर्जुनीच्या शेतकऱ्याच्या घरी काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या डिसेंबरअखेर नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट ठरवली आहे. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था उभी राहिली आणि तंत्रज्ञानाचा आधार देणे हे तिच्या कामांत आहे. तरीही लहान बँकेला संकटात पहिला फोन लावायला ओळखीचा माणूस लागतो.

वीजही या जिल्ह्याचा विषय आहे. तिरोड्याचे औष्णिक वीज केंद्र ३३०० मेगावॅटचे, राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. मार्च २०२१ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने सांगितले की नोव्हेंबर २०२० मध्ये सर्ट-इनने आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या माहिती यंत्रणा सांभाळणाऱ्या केंद्राने वीज नियंत्रण केंद्रांना परदेशी हल्लेखोरांच्या घातक प्रोग्रॅमविषयी सावध केले होते, उपाय झाले आणि कामावर परिणाम झाला नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईतला वीजपुरवठा खंडित झाला, त्याच्याशी याचा संबंध होता का, यावर राज्य आणि केंद्र यांची मते जुळली नाहीत. पण त्या वेळी इशारा मिळाला आणि तो योग्य टेबलावर पोचला. चांगले उदाहरणही आपल्याच क्षेत्रातले आहे, ते लक्षात ठेवू.

मग जिल्ह्याने करायचे काय? जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापनात पुराच्या वेळी कोणत्या गावात कोणाला फोन करायचा याची यादी असते. वैनगंगेला पूर आला की ती उघडते. सायबर आपत्तीसाठी तशीच यादी हवी. प्रत्येक बँकेचा, पतसंस्थेचा, शासकीय रुग्णालयाचा, नगरपरिषदेचा, मोठ्या राइस मिलचा, महाविद्यालयाचा एक संपर्क अधिकारी आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा. नाव, मोबाइल, पर्यायी मोबाइल. दर तीन महिन्यांनी यादीतला प्रत्येक नंबर लावून पाहायचा. जो उचलला जात नाही तो बदलायचा. सर्ट-इनची सूचना आली की जिल्ह्याच्या सायबर पोलिसांनी आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शिक्षकाने मिळून तिचे दोन परिच्छेद मराठीत आणि हिंदीत लिहायचे, आणि त्या यादीला पाठवायचे. बालाघाट आणि राजनांदगावच्या समकक्ष अधिकाऱ्यांना यादीत घ्यायचे. नक्षलवादाच्या प्रश्नावर तिन्ही राज्यांचे पोलीस वर्षानुवर्षे एकत्र बसत आले आहेत, तेव्हा ही सवय नवी नाही. वर्षातून एकदा, शक्यतो दुसऱ्या शनिवारी, सराव करायचा. याला मोठा निधी लागत नाही. एक सुशिक्षित, तळमळीचा अधिकारी आणि त्याला पाच वर्षे त्याच कामावर ठेवण्याची तयारी लागते. बदल्यांनी हे काम सर्वांत जास्त बिघडते, असे माझे ठाम मत आहे. विश्वास माणसांत असतो. खुर्चीवर नवा माणूस आला की तो पुन्हा शून्यापासून कमवावा लागतो.

इथल्या महाविद्यालयीन मुलांना एक विनंती. सायबर सुरक्षा शिकायला बंगळुरूला जावे लागते, हा समज काढून टाका. सर्ट-इनच्या सूचना, 'फर्स्ट'चे प्रशिक्षण साहित्य, 'एनिसा'चे अहवाल विनामूल्य आहेत. तुमच्यातल्या चार जणांनी दर आठवड्याला एक सूचना वाचून ती शेजारच्या पतसंस्थेला समजावून सांगितली, तर राष्ट्रीय संपर्क अधिकारी जे काम देशासाठी करतो तेच तुम्ही आपल्या तालुक्यासाठी केलेले असेल.

आणि सभागृहातल्या प्रत्येकाला: आज घरी गेल्यावर १९३० हा नंबर मोबाइलमध्ये साठवा, आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन विचारा की सुट्टीच्या दिवशी फसवणूक झाली तर तिथला कोणता माणूस, कोणत्या नंबरवर फोन उचलेल. उत्तर मिळाले नाही तर तो प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवा.